निघालं काय?

जुलै २०२४ चा पहिला पंधरवडा मराठवाड्याने जागून काढला. रात्री दहानंतर वस्त्यांवर दिवे घिरट्या घालायचे, पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन बाहेर पडायची आणि अंधारात थरथरणाऱ्या ठिपक्यांचे व्हिडिओ पहाटेपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरायचे. बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, खाली पुणे ग्रामीणपर्यंत हीच तऱ्हा होती. चोर ड्रोनने घरं हेरून जातात, अशी बोलवा होती. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे यांच्या मुक्कामाभोवती ड्रोन फिरल्याची तक्रार झाली आणि विषय थेट विधिमंडळात गेला. विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार यांनी तो काढला, मंत्री शंभूराज देसाई यांनी चौकशीचं आश्वासन दिलं. मग अधिवेशन उरकलं, शिवारात खुरपणीची घाई लागली आणि ड्रोन बातम्यांतून गायब झाले.

बऱ्याच महिन्यांनी संपादकांना ते आठवलं. ‘त्या चौकशीतून निघालं काय, ते बघून ये,’ एवढंच म्हणाले.

मुंबईत मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा मी पाटोदा गाठायचं ठरवलं. आभाळात दिसलेल्या गोष्टीचा सरकारी कागद मुळात तयार होतो तो तालुक्याला, आणि पाटोद्याला आभाळ भरपूर आहे. बालाघाटचं हे पठार. मांजरा याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते. डोंगरकडांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, रात्री त्यांच्या माथ्यावरचे तांबडे दिवे ओळीने लुकलुकतात. नायगावचं मयूर अभयारण्यही याच तालुक्यात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेल्या की गावात म्हातारी माणसं, पोरं आणि कुलूपबंद घरं उरतात. अशा मुलखात अनोळखी दिव्याची भीती वाटायला परग्रहाची गरज लागत नाही.

बाहेरच्या जगात या कामाला स्वतंत्र कचेऱ्या आहेत. अमेरिकेच्या हवाई दलाने ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ नावाने १९५२ पासून १९६९ पर्यंत नोंदी ठेवल्या. एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ शेवटपर्यंत ओळखता आल्या नाहीत. बाकीच्यांत शुक्र होता, विमानं होती, फुगे होते. ते दफ्तर आज तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कुणालाही बघता येतं. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने आपला विभाग २००९ मध्ये बंद केला, कारण पन्नासहून अधिक वर्षांत एकाही नोंदीतून देशाला धोका दिसला नव्हता. पण बंद करताना फायली लोकांसाठी खुल्या केल्या. अमेरिकेने २०२२ मध्ये पुन्हा नवी कचेरी काढली आणि मार्च २०२४ मध्ये तिने जुनं सगळं चाळून अहवाल दिला, की परग्रहावरच्या यानाचा पुरावा कुठेही मिळाला नाही.

पाटोद्याला सर्वांत जवळची वाटते ती फ्रान्सची पद्धत. तिथल्या अवकाश संस्थेत १९७७ पासून एक छोटा विभाग आहे, आता त्याचं नाव ‘गेपान’वरून ‘गेइपान’ झालं आहे. शेतकऱ्याला रात्री काही दिसलं तर तो गावच्या पोलिसाकडे जातो, पोलीस रीतसर जबाब घेतो आणि कागद शास्त्रज्ञांकडे रवाना होतो. शास्त्रज्ञ विमानांची वेळापत्रकं, हवामान, ग्रहांच्या जागा ताडून पाहतात आणि प्रकरणाला ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर देतात. ए म्हणजे ओळख पटली. सी म्हणजे माहिती अपुरी. डी म्हणजे माहिती चांगली, तपासही झाला, तरी उलगडा नाही. अशी प्रकरणं शंभरात तीनेक निघतात. २००७ पासून हे दफ्तर सर्वांना वाचायला खुलं आहे.

आपल्याकडे असा विभाग नाही. मात्र आभाळातून काही खाली पडलं, तर आपली यंत्रणा बऱ्यापैकी हलते. २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रभर लोकांनी आकाशात जळत जाणारी रेघ पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं, आसपासच्या शिवारात गोळे सापडले. महसूल आणि पोलीस खात्याने वस्तू ताब्यात घेतल्या, इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटचा तो टप्पा असावा, असं अभ्यासकांनी कक्षेवरून सांगितलं. बीड जिल्ह्यातलं उदाहरण याहून ताजं आहे. मार्च २०२५ मध्ये वडवणी तालुक्यातल्या खळवट लिमगावात आकाशातून दगड आले, एका घराचा पत्रा फुटला. छत्रपती संभाजीनगरच्या एमजीएम अवकाश विज्ञान केंद्राचे श्रीनिवास औंधकर तिथे पोचले.

हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था हिवाळ्यात हायड्रोजनचे अवाढव्य फुगे सोडते. ते तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर जातात आणि खालची यंत्रं रंगीत पॅराशूटने कुठल्याही शेतात उतरतात. त्यासाठी जिल्हा प्रशासनं आधीच आवाहन काढतात: हात लावू नका, पोलिसांना किंवा पोस्टाला कळवा, बक्षीस मिळेल. दगड पडला तर भूवैज्ञानिक, रॉकेट पडलं तर इस्रो, फुगा पडला तर हैदराबाद. पडलेल्या वस्तूला सरकारदरबारी वाली आहे. नुसत्या दिसलेल्या वस्तूला नाही. तिचा सगळा भार येतो तो गावच्या पोलीस पाटलावर.

वंशपरंपरागत पाटीलकी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. उपविभागीय अधिकारी नेमणूक करतात, दहावी पास असावं लागतं, साठीला काम संपतं. गुन्हे, आरोग्य आणि गावाची सर्वसाधारण स्थिती वर कळवायची, हे कायद्याने दिलेलं काम. मार्च २०२४ मध्ये मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार करण्याचा निर्णय झाला. कागदावर हा माणूस म्हणजे सरकारचे गावातले कान. आभाळाच्या बाबतीत तो डोळेही आहे.

मला भेटल्या त्या पोलीस पाटील बाई आहेत. गाव घाटमाथ्यावरचं, पाटोद्यापासून दुचाकीच्या अंतरावर. नाव छापू नका म्हणाल्या. सगळं गाव त्यांना ताई म्हणतं, मीही तेच म्हणतो. बचत गटातून पुढे आलेल्या, लग्नानंतर काही हंगाम कोयताही हातात धरलेला. ड्रोनच्या त्या दिवसांत त्यांच्या फोनला श्वास घ्यायला सवड नव्हती.

‘पहिल्या रात्री मी काय केलं? ठाण्याला फोन केला. साहेब, आभाळात काहीतरी फिरायलंय. ते म्हणाले, किती आहेत, कुणीकडं गेले, किती वाजता? मला एकाचंही उत्तर देता येईना. तवा वाटलं, आपण नुसती भीती वर पाठवायलोत.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाची दोनशेपानी वही घेतली आणि पट्टीने रकाने आखले. ही वही मी बराच वेळ चाळली. तारीख, वेळ. कोणी पाहिलं. कुठे उभं राहून पाहिलं. कोणत्या खुणेच्या वर. हललं की जागेवर होतं. आवाज. किती वेळ. पुढचा रकाना वाचून मी थबकलो: ‘मोर ओरडले का?’

‘आमच्याकडं रात्री काही खडखड आलं, गाडीचं टायर फुटलं तरी मोर ओरडतेत,’ ताई म्हणाल्या. ‘ड्रोन डोक्यावरून गेलं आणि मोर गप्प राहिले, असं व्हायचं नाही. माणूस घाबरला की त्याला आवाज ऐकू येतो. मोराला नसलेला आवाज ऐकू येत नाही.’

आणि सगळ्यांत शेवटी, उजव्या कडेला, जरा रुंद आखलेला रकाना: ‘निघालं काय’.

त्यातली एक नोंद. मध्यरात्र उलटून गेलेली, दोनचा सुमार. माळवदावर झोपलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना नैऋत्येकडे, पवनचक्क्यांच्या ओळीवर, तांबडा-हिरवा मिणमिणणारा दिवा दिसला. अर्धा-पाऊण तास तो तिथेच होता, मग हळूहळू टेकडीमागे उतरला. उतरला म्हणजे तिथे माणसं असणार, म्हणून पंधरा-वीस पोरं टेकडीकडे निघाली होती. ताईंनी त्यांना अडवलं आणि बाबांना सांगितलं की उद्या रात्री याच वेळी याच जागी बसायचं. बाजेचा पाय जिथे होता तिथे खडूने खूण केली. पाण्याच्या टाकीची कड आणि तिसऱ्या पवनचक्कीचा दिवा, यांच्या मधे तो ठिपका होता, हे बाबांकडून वदवून घेतलं.

दुसऱ्या रात्री ढग आले. तिसऱ्या रात्री आभाळ उघडलं आणि दिवा हजर. टाकीची कड, तिसरी पवनचक्की, बरोबर मधे. फक्त घड्याळात आठेक मिनिटं लवकर. ताईंना खगोलशास्त्र ठाऊक नाही, पण बाबांना आभाळ ठाऊक होतं. भोवतीचे तारे दिसल्याबरोबर ते स्वतःच म्हणाले, ‘आरं, हा तर विंचू मावळायलाय.’ वृश्चिकेतला ज्येष्ठा तारा. तो मुळातच तांबूस आहे. क्षितिजाशी आला की हवेच्या जाड थरातून त्याचा उजेड थरथरतो आणि तांबडा-हिरवा चमकू लागतो. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात आणि चार मिनिटं लवकर मावळतात; दोन दिवसांचा हिशेब आठ मिनिटांचा. उजव्या रकान्यात ताईंनी लिहिलं आहे: ‘विंचू. दोन वाजता मावळतो. टेकडीवर जाण्याची गरज नाही.’

ही पद्धत कुणी शिकवलेली नाही, आणि शास्त्रज्ञ नेमकं हेच करतात. लडाखमध्ये २०१२-१३ साली सीमेवरच्या जवानांना एका सरोवरावर रोज दिवे दिसत होते. चिनी टेहळणी समजून लष्कराने नोंद ठेवली. साधारण सहा महिन्यांत ३२९ नोंदी झाल्या. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तज्ज्ञांना बोलावलं गेलं, त्यांनी वेळा आणि दिशा ताडून पाहिल्या. एक दिवा गुरू होता, दुसरा शुक्र. जवानांचं निरीक्षण चोख होतं, वेळ आणि दिशा टिपलेली होती, म्हणूनच उत्तर मिळू शकलं. तसं टिपण नसेल तर लढाऊ विमानंही हात हलवत परततात. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ काही दिसलं म्हणून उड्डाणं थांबवली गेली, हवाई दलाने राफेल पाठवली, पण ती वस्तू पुन्हा दिसली नाही.

ताईंच्या वहीतल्या बाकीच्या बऱ्याच नोंदी अशाच सुटल्या आहेत. सरळ रेषेत जाणारे, आवाज मागून येणारे दिवे म्हणजे मुंबईहून पूर्वेकडे निघालेली विमानं. त्यांचा पुतण्या मोबाइलवर विमानाचा नंबरही काढून दाखवतो. एकदा भर गावात ‘ड्रोन पडलं’ म्हणून ओरडा झाला. जत्रेत मिळतं ते रबराने उडवायचं दिव्याचं खेळणं होतं, बाभळीत अडकलेलं. ते ताईंच्या फडताळात अजून आहे, त्याला चिठ्ठी बांधून तारीख टाकलेली.

इथपर्यंत मला सगळं कौतुकाचं वाटलं. मग ताईंनी वहीचं एक दुमडून ठेवलेलं पान उघडलं. तीन दिवे, ओळीत, मांजरेच्या अंगाने आलेले. घराच्या उंचीच्या जेमतेम तिप्पट वर. घुंघुं आवाज. दहा मिनिटं. वेगवेगळ्या वस्त्यांवरच्या माणसांनी पाहिलं, त्यांच्या वेळा जुळतात. मोर ओरडले का: हो, सगळे. उजवा रकाना कोरा.

‘हे ड्रोनच होतं, सर. पण कुणाचं, कशाला, ते मला कसं कळावं? मी लिहून दिलं ठाण्याला. पुढं काय झालं, ते मला कुणी सांगत नाही आणि मी विचारत नाही.’

खरी अडचण इथून सुरू होते, आणि ती कुठल्या एका ठाण्याची किंवा अंमलदाराची नाही. ठाण्यात अशी खबर आली की ती स्टेशन डायरीत जाते. स्टेशन डायरी ही सुंदर व्यवस्था आहे. ठाण्यात घडलेलं सगळं वेळेनुसार उतरत जातं, मधे पान घालता येत नाही. २०१५ पासून ते काम संगणकावर आलं. पण तिचा हेतू ठाण्याने काय केलं हे सांगण्याचा आहे. ‘खबर मिळाली, गस्तीची गाडी रवाना, परिसरात पाहणी केली, संशयास्पद काही मिळून आलं नाही, नागरिकांना अफवांवर विश्वास न ठेवण्याच्या सूचना दिल्या, शांतता आहे.’ नोंद पूर्ण झाली. दिवा कशाचा होता, हा प्रश्न तिने विचारलेलाच नाही. पोलिसांच्या दृष्टीने रात्र शांत गेली की तपास यशस्वी.

त्यांची ही घाई मला समजते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात चोर समजून दोन साधू आणि त्यांचा चालक मारला गेला. रात्री पहारा करणारं, काठ्या घेतलेलं, व्हॉट्सॲप वाचून तापलेलं गाव म्हणजे काय, हे ठाणे अंमलदाराला चांगलं माहीत असतं. त्यात ड्रोनची धामधूम आली ती नेमकी १ जुलै २०२४ च्या आसपास. त्याच दिवशी भारतीय न्याय संहिता लागू झाली होती आणि राज्यभरचे अंमलदार जुन्या कलमांच्या जागी नवी कलमं पाठ करत होते. अफवा पसरवणाऱ्यावर कलम कोणतं लावायचं, हेही ३५३ असं नव्याने शिकायचं. अशा वेळी ज्येष्ठा नक्षत्राची चौकशी कोण करणार?

पण या शांततेची किंमत आहे. ‘काही मिळून आलं नाही’ हे उत्तर गावाला पटत नाही, कारण गावाने पाहिलेलं असतं. आपल्याला वेड्यात काढलं, असं लोकांना वाटतं, आणि पुढच्या वेळी ते ठाण्याला फोन करण्याऐवजी काठी उचलतात. ‘तो विंचू आहे, उद्या दोनला चार मिनिटं कमी असताना पुन्हा बघ’ हे उत्तर मात्र पटतं, कारण ते स्वतः पडताळता येतं. टेकडीकडे निघालेली ती पंधरा-वीस पोरं मला राहून राहून आठवतात. टेकडीपलीकडे त्या रात्री पालं टाकून एखादं भटकं कुटुंब उतरलेलं असतं तर?

जे खरोखर ड्रोन असतात, त्यांची अडचण वेगळी. २०२१ च्या ड्रोन नियमांनी वजनाप्रमाणे वर्ग केले. अडीचशे ग्रॅमपर्यंतचं नॅनो ड्रोन उडवायला चालकाच्या परवान्याची गरज नाही. वरच्या वर्गांना बहुधा परवाना लागतो; शिवाय नोंदणी आणि उड्डाणाच्या जागांचे हिरवे-पिवळे-लाल पट्टे आहेत. नोंदणी क्रमांक यंत्रावर असतो आणि रात्री खालून तो वाचता येत नाही. शिवाय वैध ड्रोनही आता गावोगाव आहेत. गावठाण मोजणीला स्वामित्व योजनेत ड्रोन आले, फवारणीसाठी बचत गटांना ड्रोन द्यायची केंद्राची योजना आहे, लग्नांत तर ड्रोनवाला नसेल तर वरपक्ष रुसतो. कोणत्या दिवशी कोणतं ड्रोन कुठे उडणार, याची यादी पोलीस पाटलाकडे आली तर वहीतले निम्मे रकाने न भरताच निकाली निघतील. ताईंकडे अशी यादी कधी आलेली नाही.

उरला प्रश्न दफ्तराचा. सरकारी अभिलेखांचं वर्गीकरण आपल्याकडेही अक्षरांनीच होतं. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, असं करत ‘ड’ वर्गापर्यंत आलं की वर्षभरात कागद नष्ट. फ्रान्समध्ये ‘डी’ अक्षर मिळालेलं प्रकरणही जपलं जातं, ते सुटलेलं नसलं तरी. आपल्याकडे न सुटलेल्या कागदाला कोणतं अक्षर द्यायचं, याचा निर्णय दफ्तर बांधणाऱ्या कारकुनावर येऊन ठेपतो. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, राज्याचा सार्वजनिक अभिलेख कायदाही त्याच वर्षीचा. पण अधिकार वापरून मागणार काय? जो प्रश्न कुणी नोंदवलाच नाही, त्याचं उत्तर दफ्तरात नसतं. ताईंची वही तर दफ्तरातही नाही. ती त्यांच्या घरची वही आहे. त्या साठ वर्षांच्या झाल्या की फडताळातच राहील, नवा पोलीस पाटील पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरुवात करील.

याला स्वतंत्र खातं लागत नाही, कोट्यवधीचा ड्रोनविरोधी बंदोबस्तही लागत नाही. पोलीस पाटलाच्या खबरीत जागा, दिशा, वेळ आणि खूण विचारणारे चार रकाने हवेत. छत्रपती संभाजीनगरच्या अवकाश विज्ञान केंद्रात किंवा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत ते वाचून आठवडाभरात उलट टपाली कळवणारा एक माणूस हवा. आणि पाचवा रकाना हवा, ज्यात ते उत्तर लिहून गावात वाचून दाखवलं जाईल. मी हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. ‘रकाने वाढवा, पण मग भरायला लावू नका नुसते,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्याकडं रकाने लई झालेत. उत्तर येणार असलं तरच वाढवा.’

संपादकांना द्यायला माझ्याकडे उत्तर आहे ते असं: जुलै २०२४ मध्ये पाटोद्याच्या या एका गावावर विंचू निघाला, विमानं निघाली, एक खेळणं निघालं आणि मांजरेकडून एक खरंखुरं, बिननावाचं ड्रोन निघालं. ही चौकशी पंधरा हजार मानधनावरच्या एका बाईने मुलाच्या वहीत केली. विधिमंडळात जिचं आश्वासन दिलं गेलं, ती चौकशी तिच्या गावात अजून पोचलेली नाही.